हाडांच्या डॉक्टरला संशोधन कशाला हवं?

एमएस ऑर्थोपेडिक्सला, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, नंबर लागला की घरात पेढे वाटले जातात. काही महिन्यांतच त्या मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडी एक नवा शब्द ऐकू येऊ लागतो: सिनॉप्सिस, म्हणजे पदवीसाठी लिहायच्या थीसिसचा, संशोधन प्रबंधाचा, आराखडा. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्रभर अपघाताचे रुग्ण पाहायचे, सकाळी राउंड, मग ओपीडी नाहीतर ओटी (ऑपरेशन थिएटर), आणि त्यातूनच वेळ काढून थीसिसचा विषय गाइडपुढे ठेवायचा. घरच्यांना प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. हाडांच्या डॉक्टरचा हात चांगला हवा, नजर चांगली हवी. त्याला संशोधन कशाला?

हाच प्रश्न बऱ्याच रेसिडेंट्सनाही, म्हणजे शिकता शिकता रुग्णालयात काम करणाऱ्या या डॉक्टरांनाही, पडलेला असतो. थीसिस मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणून तो करायचा, बांधून घ्यायचा आणि विसरायचा, असा रिवाजच पडला आहे. मला मात्र ठामपणे वाटतं की हा डॉक्टर पुढची तीस वर्षं कसा सर्जन असेल, हे बऱ्याच अंशी याच काळात ठरतं. आपण ज्याला बरं केलं असं समजतो तो माणूस खरंच बरा झाला का, हे शोधायची सवय त्याला इथे लागते किंवा कायमची राहून जाते.

अनुभवाला काय दिसत नाही

सर्जनला आपल्या कामाचा निकाल डोळ्यांसमोर दिसतो, असं आपण धरून चालतो. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसतं, रुग्ण चालत येतो, हात जोडून जातो. यात एक मोठी गोम आहे. ज्याचं बरं झालं तो पुन्हा भेटायला येतो. ज्याचं बिघडलं तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. बीड किंवा सोलापूरकडच्या एखाद्या गावातून पुण्याला आलेला रुग्ण दुखत असलं तरी एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब करतो आणि घरीच बसतो. डॉक्टरच्या आठवणीत मग यशच तेवढं साठत जातं. यात लबाडी कुणाचीच नसते, तरीही चित्र खोटं असतं.

दुसरी अडचण अशी की माणूस डॉक्टरकडे येतो तो दुखणं अगदी असह्य झाल्यावर. गुडघेदुखी चढते, उतरते. चढलेली असताना काहीही केलं तरी पुढे ती थोडी उतरणारच. जे केलं त्याला श्रेय मिळतं. वरून 'मोठं ऑपरेशन झालं' हा विश्वासही वेदना कमी करतो.

याचा निकाल लावणारा एक अभ्यास अमेरिकेत ह्यूस्टनला झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतून साफसफाई करण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे, आणि रुग्णांना बरं वाटायचंही. डॉ. ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाच्या गुडघ्याची दुर्बिणीने साफसफाई झाली, दुसऱ्याचा गुडघा आतून फक्त धुतला, आणि तिसऱ्या गटाला भुलीसाठी औषध देऊन कातडीवर नुसते छेद घेतले. दुर्बीण आत गेलीच नाही. खऱ्या शस्त्रक्रियेसारखी हत्यारं मागितली गेली, पाण्याचा आवाजही केला गेला. आपल्याला खोटी शस्त्रक्रिया मिळू शकते याची लेखी कल्पना रुग्णांना आधीच दिलेली होती. आपण कोणत्या गटात आहोत, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा झाला. वेदना आणि चालणं-फिरणं यांत खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा कधीच सरस ठरले नाहीत.

इतकी वर्षं ही शस्त्रक्रिया करणारे सर्जन काही अडाणी नव्हते. त्यांचे हात चांगले होते, रुग्णही समाधानी होते. चुकत होतं ते एवढंच की तुलनेला कुणी नव्हतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे ते यासाठीच. नाहीतर मोडलेलं हाड जोडायची नवी प्लेट (धातूची पट्टी) आली की सर्जन ती नकळत तरुण, धडधाकट रुग्णाला बसवतो आणि जुनी पद्धत मधुमेह असलेल्या आजोबांच्या वाट्याला येते. मग नवी प्लेट जिंकली तर त्यात प्लेटचं कर्तृत्व किती, हे कसं कळणार?

आता पुण्याच्या रस्त्यांकडे या. दुचाकीवरून पडून नडगीचं हाड मोडून बाहेर आलेला, जखमेत माती गेलेला रुग्ण इथल्या कुठल्याही कॅज्युअल्टीला नवा नाही. अशा ओपन फ्रॅक्चरची जखम भरपूर सलाइनने धुवावी लागते, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण किती जोराने धुवायची? साबणाचं पाणी वापरायचं का? जोराच्या फवाऱ्यासाठी यंत्र लागतं, त्याला पैसे लागतात. 'फ्लो' नावाच्या चाचणीत पाच देशांतल्या रुग्णालयांनी भाग घेतला, त्यांत भारतही होता. २०१५ साली निष्कर्ष आले. सुमारे २,४०० रुग्णांमध्ये दिसलं की जोराचा फवारा, मध्यम जोर आणि अगदी हलकी धार यांत फरक नाही: पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण तिन्हींत १३ टक्क्यांच्या आसपास. साबणाने मात्र नुकसान झालं. साध्या सलाइनच्या गटात ११.६ टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा ओटीत जावं लागलं, साबणाच्या गटात १४.८ टक्के रुग्णांना.

म्हणजे वर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीतून येणारी साधी धार पुरते. तालुक्याच्या रुग्णालयात काम करणाऱ्या सर्जनला या एका निष्कर्षाने किती मोकळं केलं असेल! महागडं यंत्र नाही म्हणून आपण रुग्णाला कमी देतोय, ही बोच संपली.

तीस रुग्णांत काय कळतं आणि काय कळत नाही

महाराष्ट्रात आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत एमएस करताना थीसिसची वाट साधारण अशी असते. विषय ठरतो, सिनॉप्सिस लिहिला जातो, संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे जातो. रुग्णाचं संमतिपत्र मराठीत आणि त्याला कळेल अशा शब्दांत लागतं. उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधीच सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद करावी लागते, म्हणजे निकाल पाहून नंतर प्रश्न बदलता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण करायचा असतो. मग रुग्ण जमवायचे, मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, भरायचा, स्टॅटिस्टिशियनकडे खेपा घालायच्या.

एमएसची वर्षं तीन. सुरुवातीचे काही महिने मंजुरीत जातात, शेवटचे लिहिण्यात. मध्ये जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची नेमणूक येते. रुग्ण जमवायला हाती उरतं ते जेमतेम दीड वर्ष. त्यामुळे रेसिडेंटचा थीसिस 'हाड जुळलं का' याचं उत्तर देऊ शकतो. 'हा सांधा दहा वर्षं टिकेल का' याचं देऊच शकत नाही. ही मर्यादा ओळखून प्रश्न निवडणं हाच संशोधनाचा पहिला धडा आहे आणि तोच सर्वांत कमी शिकवला जातो.

'अमुक प्लेटने केलेल्या ३० रुग्णांचा अभ्यास' हा थीसिसचा ठरलेला साचा आहे. त्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'आमच्या एकाही रुग्णाला संसर्ग झाला नाही.' वाचायला छान वाटतं. पण संख्याशास्त्राचा एक सोपा नियम इथे वापरून पाहा. एखादी गोष्ट तीसपैकी एकालाही झाली नसेल, तर तिचं खरं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकतं हे काढायला तीनला रुग्णसंख्येने भागायचं. तीन भागिले तीस म्हणजे दहा टक्के. तीस रुग्णांत शून्य संसर्ग दिसला तरी खरं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि हाडाच्या शस्त्रक्रियेत दहा टक्के संसर्ग म्हणजे हाहाकार. हा हिशेब ज्याला एकदा कळला, तो पुढे औषध किंवा इम्प्लांट कंपनीचा प्रतिनिधी चकचकीत पत्रक घेऊन आला की पहिला प्रश्न विचारतो, 'रुग्ण किती होते? किती वर्षं पाहिले?' माझ्या लेखी थीसिसची खरी कमाई ही आहे. छापून आलेला पेपर त्याच्या नंतर.

मग रेसिडेंटने विचारण्यासारखे प्रश्न उरतात तरी कोणते? भरपूर उरतात, आणि त्यातले बरेच आपल्याच जमिनीतले आहेत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कसा आहे हे मोजायला जगभर हॅरिस हिप स्कोअर वापरतात. तो १९६९ सालचा, अमेरिकन. त्यात लंगडणं, काठी, जिना, बूट-मोजे घालता येणं, खुर्चीत बसणं, बसने जाता येणं यांना गुण आहेत. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठणं यांचा त्यात पत्ताच नाही. जुन्नरच्या शेतात खुरपणी करणाऱ्या बाईला हॅरिसच्या मापात नव्वद गुण मिळतील, आणि तरी ती म्हणेल, 'माझं काम सुटलं.' तिचं हे म्हणणं मोजायचं कसं, हा तीन वर्षांत होण्याजोगा आणि अतिशय मोलाचा अभ्यास आहे. पुण्यात अशा विचाराला परंपराही आहे. डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णाची शरीरयष्टी आणि गरज डोळ्यांसमोर ठेवून 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला, तो याच शहरात.

एक प्रश्न धरून ठेवणारी माणसं

संशोधनाने करिअर घडतं म्हणजे काय, हे नियमांपेक्षा माणसांकडे पाहून लवकर कळतं.

खुबाबदलाची आजची शस्त्रक्रिया इंग्लंडच्या सर जॉन चार्नली यांच्याकडून आली. राइटिंग्टनच्या रुग्णालयात त्यांनी धातूचा छोटा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी वापरून सांधा बनवला. सुरुवातीचे निकाल इतके सुंदर होते की कुणीही तिथेच थांबून कीर्ती मिळवली असती. चार्नली मात्र आपले रुग्ण पाहत राहिले, आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजतंय, त्याच्या कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं जातंय, हे त्यांच्या लक्षात आलं. तोवर सुमारे ३०० रुग्णांना तो सांधा बसला होता. ते सांधे पुन्हा उघडायची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतले कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिएथिलिनचा एक टणक प्रकार यंत्रावर घासून पाहिला. तो जवळजवळ झिजतच नव्हता. चार्नलींना आधी त्यात रस नव्हता, आकडे पाहून मत बदललं. मग त्यांनी टेफ्लॉनचे आणि या नव्या पदार्थाचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून घेतले आणि शरीर काय करतं ते महिनोन्‌महिने पाहिलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये नवी वाटी रुग्णाला बसली. त्याच कल्पनेचे वंशज आज जगभर बसवले जातात. मला या कथेत सगळ्यांत मोठं वाटतं ते रुग्णांना परत बोलावत राहणं. ते झालं नसतं तर टेफ्लॉनचं अपयश कितीतरी उशिरा उघड झालं असतं.

आपल्याकडचं उदाहरण डॉ. एस. एम. तुली यांचं. मणक्याच्या क्षयात पू काढायला, हाड खरवडायला सरसकट शस्त्रक्रिया करावी असं मानणारा एक मोठा पंथ होता. वाराणसीत काम करताना तुलींनी 'मध्यम मार्ग' मांडला: आधी क्षयाची औषधं आणि विश्रांती, आणि ज्यांना त्याने गुण येत नाही किंवा पायांची ताकद जात राहते, त्यांनाच शस्त्रक्रिया. १९७५ साली त्यांनी आपले निकाल प्रसिद्ध केले. खाटा कमी, रुग्ण अमाप, अशा देशातून आलेलं हे उत्तर पुढे जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेलं.

तोच धागा कोइम्बतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी पुढे नेला. मणक्याचा क्षय बरा झालेल्या मुलांचा त्यांनी १५ वर्षं मागोवा घेतला. रोग संपला तरी काही मुलांचं कुबड वाढीच्या वयात वाढतच जातं, आणि ते कुणाचं वाढणार हे सुरुवातीच्या एक्स-रेमधल्या चार खुणांवरून ओळखता येतं, हे त्यांनी २००१ मध्ये दाखवलं. पुढे २००६ मध्ये त्यांच्या गंगा हॉस्पिटलने चेंदामेंदा झालेल्या पायांसाठी गुणांकन प्रसिद्ध केलं. कातडी, हाड, स्नायू आणि रुग्णाची एकंदर प्रकृती यांना गुण द्यायचे. १४ किंवा कमी आले तर पाय वाचवायचा प्रयत्न करायचा, १७ किंवा जास्त आले तर पाय काढण्याचा विचार करायचा, मधल्यांचा निर्णय एकेका रुग्णाकडे पाहून. रात्री दोन वाजता विशीतल्या मुलाचा पाय ठेवायचा की काढायचा हे ठरवणाऱ्या सर्जनला याचा आधार किती मोठा असतो, हे वेगळं सांगायला नको.

एमएसनंतर

पदवीनंतर वाटा फुटतात. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं तर सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक होताना शोधनिबंध मोजले जातात. परदेशी किंवा नावाजलेल्या भारतीय केंद्रात फेलोशिप हवी तर निवड करणारे अर्जात काय प्रसिद्ध केलंय ते पाहतात. खासगी रुग्णालयात कुणी विचारत नाही.

मोजणीच्या या दडपणाची एक वाईट बाजू आहे. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, असं सांगणारी नियतकालिकं उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असं आढळलं. तो अभ्यास सगळ्याच विद्याशाखांचा होता, पण वैद्यकातल्या तरुणांनी तो जरूर लक्षात ठेवावा. अशा ठिकाणी छापलेला पेपर पुढे अर्जात अभिमानाने दाखवता येत नाही, आणि त्यातल्या चुकीच्या आकड्यांवर विसंबून कुणी ऑपरेशन केलं तर नुकसान रुग्णाचं होतं.

खासगी प्रॅक्टिसमध्ये संशोधनाला वाव नाही, हे मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून बसवलेल्या प्रत्येक कृत्रिम सांध्याची नोंद ठेवायला सुरुवात झाली. धातूवर धातू घासणारा 'एएसआर' हा खुब्याचा सांधा इतरांपेक्षा लवकर बदलावा लागतोय, हे २००७ च्या सुमारास त्या नोंदींतून दिसलं. कंपनीने तो जगभरातून मागे घेतला तो ऑगस्ट २०१० मध्ये. मधल्या काळात भारतातही अनेकांना तो बसत राहिला. त्या नोंदवहीतली एकेक ओळ कुठल्यातरी साध्या, प्रॅक्टिस करणाऱ्या सर्जननेच भरली होती. आपल्याकडे खुबा-गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण माहिती द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर. कोथरूड किंवा हडपसरच्या वीस खाटांच्या रुग्णालयात वर्षाला शंभर गुडघे बदलणारा सर्जन या नोंदी इमानाने ठेवू लागला, तर दहा वर्षांत त्याच्याकडे हजार रुग्णांची अशी माहिती जमेल, जी थीसिस करणाऱ्या कुणाकडेच असू शकत नाही.

तेव्हा जो आत्ता जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, आहे आणि ज्याला गाइडने 'विषय शोधून आण' असं सांगितलंय, त्याने इंटरनेटवर शोधण्याआधी आपल्या युनिटचं ओटी रजिस्टर काढून मागचं वर्ष चाळावं. कोणत्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या, कोणते रुग्ण तीन महिन्यांनंतर गायब झाले, कोणत्या बाबतीत दोन वरिष्ठांची मतं हमखास वेगळी पडतात, हे लिहून काढावं. विषय त्यातच असतो. आणि रुग्णांची नोंद करायला लागला की प्रत्येकाचे दोन फोन नंबर घ्यावेत: एक रुग्णाचा, एक शेजाऱ्याचा किंवा गावातल्या आशाताईंचा. सिमकार्ड बदलतात, शेजारी सहसा बदलत नाहीत. सहा महिन्यांनी फोन करून 'मावशी, आता खाली बसता येतं का?' एवढं विचारलं आणि त्या 'नाही' म्हणाल्या, तर ते 'नाही' मास्टर चार्टमध्ये जसंच्या तसं भरावं.